आधी उठायची वेळ ठरवा

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

«डॉक्टरताई, मी अंबाजोगाई तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे, वय ४५. रोज स्कूटीवर जाणं-येणं. लॉकडाऊन लागला तेव्हा झोप बिघडली ती बिघडलीच. २०२१च्या मे महिन्यात सासरे कोविडनं गेले. रात्री दोनला दवाखान्यातून फोन आला होता. तेव्हापासून फोन उशाशी, आवाज फुल्ल ठेवून झोपते. आता घरात सगळं सुरळीत आहे. तरी साडेनऊला अंथरूण धरते ती एकपर्यंत टक्क जागी. सहाला उठावंच लागतं. शाळेतून आल्यावर चहा घेऊन सोफ्यावर टेकले की तासभर डोळा लागतो, त्यावरून सासूबाई बोलतात. रविवारी साडेनऊपर्यंत झोपते. फारच झालं तर मेडिकलमधून आणलेली अर्धी गोळी घेते. लोक म्हणतात, लॉकडाऊनमध्ये सगळे झोपाच काढत होते, तुझंच काय बिघडलं? माझं माहेर औसा तालुक्यातलं. आई भूकंपापासून पहाटे चारला उठून बसते. आमच्या घराण्यातच हे आहे का? आणि मुलगा विशीतला, पोलीस भरतीची तयारी करतो म्हणतो, रात्री तीनला झोपतो, अकराला उठतो. त्यालाही माझंच लागलं का?»

ताई,

झोप बिघडवली लॉकडाऊननंच, याबद्दल तुमच्याशी वाद नाही. पण तो उठून इतकी वर्षं झाली तरी झोप जाग्यावर येत नाही, त्याचं कारण आता लॉकडाऊन नाही. ते तुमच्याच पत्रात आहे. साडेनऊला अंथरूण धरणं, संध्याकाळी सोफ्यावर लागणारा डोळा, रविवारचं लोळणं आणि ती अर्धी गोळी. हे सगळं तुम्ही झोप भरून काढायला करता, आणि त्यामुळंच रात्री ती येत नाही. जरा सविस्तर सांगते. माझा उपाय ऐकायला उलटा वाटतो, आणि कारण कळल्याशिवाय तो दोन रात्रींपलीकडं कुणी करत नाही.

आधी लोकांच्या टोमण्याचा निकाल लावू. «सगळे झोपाच काढत होते» हे अर्धं खरं आहे. २०२०च्या वसंतात ऑस्ट्रिया, जर्मनी आणि स्वित्झर्लंड या तीन देशांतल्या लोकांची पाहणी झाली होती. लोक सरासरी पाव तासाच्या आसपास जास्त झोपत होते, कामाच्या दिवशीची आणि सुट्टीची झोपायची वेळ एकमेकींच्या जवळ आली होती. पण झोपेचा दर्जा मात्र घसरला होता. म्हणजे तास वाढले आणि उठल्यावर वाटणारं ताजेपण कमी झालं. तेही कुणाचं? ज्यांना घर होतं, घरी बसून पगार होता त्यांचं. आपल्याकडं बीड जिल्ह्यातले ऊसतोड कामगार एप्रिल अर्धा सरेपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांवर, कोपीत अडकून पडले होते. ८ मे २०२०च्या पहाटे करमाडजवळ काय झालं ते तुम्हाला आठवत असेलच. जालन्याच्या कारखान्यातले मजूर रुळांवरून चालत मध्य प्रदेशातल्या आपल्या गावांकडं निघाले होते. गाड्या बंद आहेत असं समजून थकून रुळांवरच झोपले, आणि मालगाडीखाली सोळा जण गेले. त्यामुळं लॉकडाऊनमध्ये सगळ्यांनी झोपा काढल्या असं कुणी म्हणालं की मला राग येतो. तुम्ही उत्तर देत बसू नका.

आता तुमचं काय झालं ते.

मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, शरीराचं मुख्य घड्याळ असतं. गंमत अशी की ते बरोबर चोवीस तासांचं नसतं. बहुतेकांत एक फेरी पुरी करायला ते दहा-एक मिनिटं जास्त घेतं. म्हणजे त्याला रोज ओढून जागेवर आणावं लागतं, आणि ते काम मुख्यतः सकाळचा उजेड करतो. उठायची ठरलेली वेळ, जेवणाच्या वेळा, अंगाला पडणारे कष्ट हे त्याला हातभार लावतात. २५ मार्च २०२० पासून तुमच्या दिवसातून हे सगळं एकदम निघून गेलं. मुक्कामी एसटीचा पहाटेचा हॉर्न नाही, प्रार्थनेची घंटा नाही, आठवडी बाजार नाही. आठला उठायचं, घरातच चहा, घरातच मोबाईलवर मुलांचा अभ्यास पाठवायचा. घरात ट्यूबलाईटखाली उजेडाचं माप दोन-तीनशे लक्स असतं. बाहेर अंगणात ढगाळ दिवशीसुद्धा ते हजारांत जातं. आपल्या नजरेला दोन्ही सारखेच वाटतात, आतल्या घड्याळाला वाटत नाहीत. त्यात रात्री बातम्या, आज जिल्ह्यात किती सापडले, किती गेले, कुणाच्या गल्लीत पत्रे ठोकले. घड्याळ रोज थोडं थोडं मागं सरकत गेलं आणि झोपायची वेळ अकराची बारा, बाराची दोन झाली. तेव्हा कितीतरी लोक विचित्र, लांबलचक स्वप्नं पडतात म्हणून सांगायचे. त्यात घाबरण्यासारखं फार नव्हतं. स्वप्नांची झोप पहाटेनंतर जास्त असते, आणि उशिरापर्यंत झोपणाऱ्याच्या वाट्याला ती जास्त येते.

हे सगळं शाळा सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत आपोआप सुधारायला हवं होतं. पुष्कळांचं सुधारलंही. तुमचं का नाही?

आर्थर स्पीलमन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९८०च्या दशकात निद्रानाशाची एक सोपी मांडणी केली. झोप जायला तीन प्रकारची कारणं असतात. एक, माणसाचा मूळ पिंड: कुणाची झोप उपजतच सावध असते, आणि हा पिंड घराण्यात चालतो. दुसरं, घडलेला प्रसंग: आजार, मृत्यू, बाळंतपण, महामारी. तिसरं, झोप गेल्यावर माणूस ती मिळवायला जे करू लागतो ते. प्रसंग निघून जातो, पण तिसरं कारण मागं राहतं आणि तेच पुढं वर्षानुवर्षं दुखणं चालवतं. दवाखान्यात येणारे लोक मला नेहमी दुसऱ्या कारणाबद्दल सांगतात. मी त्यांना तिसऱ्याबद्दल विचारते.

आईंचं उदाहरण घ्या. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, गावं दमून झोपलेली. दगडमातीच्या भिंती आणि वरचं मातीचं जड माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर तुमच्याकडं लोक किती दिवस उघड्यावर, मग पत्र्याच्या शेडमध्ये झोपले, ते तुम्ही स्वतः पाहिलं आहे. तेरा-चौदा वर्षांच्या असाल. छप्पर आणि पहाट या दोन्हींची भीती एकत्र बसली तर पहाटे चारला डोळे उघडणं साहजिक आहे. पण ताई, आई रात्री किती वाजता झोपतात ते तुम्ही लिहिलं नाही. दिवसाचं काम आटोपून साडेआठला झोपत असतील तर चारला उठणं म्हणजे साडेसात तास झाले! शिवाय वय वाढतं तसं घड्याळ पुढं सरकतं, लवकर झोप येते, लवकर जाग येते. उठल्यावर त्या ताज्या असतील, दिवसा पेंगत नसतील, तर त्यांना काहीही झालेलं नाही. भूकंपाचं स्वप्न अजून पडत असेल, छातीत धडधडून उठत असतील, तर मात्र वेगळी गोष्ट. तेव्हा त्यांना डॉक्टरांकडं न्या. इतक्या वर्षांनीसुद्धा त्यावर उपचार होतो. म्हणून घराण्याच्या प्रश्नाचं उत्तर असं: सावध झोप आईकडून आली असेल, साडेनऊचं अंथरूण आईकडून आलेलं नाही.

आता उपाय. माहेरी विहीर असेल तर हे पटकन कळेल. झोप विहिरीच्या पाण्यासारखी पाझरत पाझरत साठते. सकाळी उठल्यापासून जितके तास जाग्या राहाल, हिंडाल-फिराल, तितकं पाणी चढतं. संध्याकाळी सहाला सोफ्यावर तासभर मोटार चालवली की साडेनऊला विहिरीत काय राहणार? आणि तुम्हाला सध्या मिळतंय पाच तासांचं पाणी, ते तुम्ही साडेआठ तासांच्या रानाला देताय. कुठलाच वाफा धड भिजत नाही. पाणी वाढेपर्यंत रान कमी करायचं.

म्हणजे असं. उठायची वेळ सहा, ती तशीच ठेवा. सोमवारी सहा, रविवारी सहा, दिवाळीच्या सुट्टीतही सहा, रात्र कशीही गेली असली तरी सहा. आणि रात्री बाराच्या आधी अंथरुणावर जायचं नाही. हो, बाराच्या. तुम्हाला वाटेल डॉक्टरीणबाईंचं डोकं फिरलं, आधीच झोप नाही आणि ह्या अजून जागायला सांगतात. पण साडेनऊ ते एक हे साडेतीन तास तुम्ही झोपत नव्हताच. कूस बदलत, उद्या शाळेत कसं होईल याची काळजी करत पडून होता. असं रोज झालं की अंथरूण ही जागायची जागा आहे हे शरीर शिकतं. सोफ्यावर डोळा लागतो आणि अंथरुणावर उडतो, हा अनुभव तुमचाच आहे ना? सोफ्यावर तुम्ही झोपायला गेलेल्या नसता, म्हणून लागतो.

दहा-बारा दिवस असं केलं की बाराला पडल्या पडल्या झोप लागायला लागेल. अंथरुणावरच्या सहा तासांपैकी सव्वापाच तास किंवा त्याहून जास्त झोप आठवडाभर सलग लागली, की झोपायची वेळ पंधरा मिनिटांनी अलीकडं आणा, पावणेबारा. पुढच्या आठवड्यात साडेअकरा. असं करत तुमचं शरीर जिथं थांबेल ती तुमची वेळ. ती बहुधा साडेदहा-अकराच्या दरम्यान येईल. साडेनऊ येणार नाही, आणि येण्याची गरजही नाही. अंथरुणावरची वेळ सहा तासांच्या खाली मात्र नेऊ नका, उत्साहाच्या भरात कुणी कुणी जातात.

आपल्याकडं «लवकर निजे, लवकर उठे» म्हणतात आणि सगळा जोर पहिल्या भागावर देतात. निजणं आपल्या हातात नसतं. उठणं असतं. लवकर निजायला जाऊन बसलात तर झोपेची वाट पाहणं तेवढं पदरात पडतं. ठरल्या वेळी उठलात तर रात्रीचं पुढचं आपोआप बसत जातं.

एक गोष्ट अगदी गांभीर्यानं सांगते. पहिले दोन आठवडे तुम्हाला दिवसा जास्त झोप येईल. ती यायलाच हवी, त्याशिवाय विहीर भरत नाही. पण तेवढे दिवस स्कूटी चालवू नका. शाळेतल्या कुणाच्या मागं बसून जा किंवा एसटीनं जा. परीक्षेच्या, निवडणूक ड्युटीच्या धामधुमीत हे सुरू करू नका. ज्यांना फिट येतात, ज्यांना कधी वेडाच्या भरासारखा अतिउत्साहाचा झटका येऊन गेला आहे, जे रात्रपाळीला मशीनवर काम करतात, त्यांनी हे पत्र वाचून घरच्या घरी सुरू करू नये. आधी डॉक्टरांना विचारावं.

हा प्रयोग माझ्या मनचा नाही. झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलचे विचार बदलण्याची ही उपचारपद्धत गेली काही दशकं वापरात आहे. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संस्थेनं २०१६मध्ये प्रौढांच्या जुन्या निद्रानाशावर गोळीच्या आधी हाच उपचार करावा अशी शिफारस केली. आपल्याकडं तो करून घ्यायला वेळ असलेले लोक कमी, म्हणून गोळीच आधी पोचते.

बारानंतरही झोप आली नाही तर? साधारण वीस मिनिटं झाली असं वाटलं (घड्याळ बघायचं नाही, अंदाजानं) की उठायचं. दुसऱ्या खोलीत जायचं, मोठा दिवा लावायचा नाही, आणि काहीतरी कंटाळवाणं हातात घ्यायचं. वाती वळा. लसूण सोला. उत्तरपत्रिका तपासू नका, त्यात डोकं चालतं आणि रागही येतो. डोळे जड झाले की परत जा. पुन्हा नाही लागली, पुन्हा उठा. पहिल्या आठवड्यात घरात रात्री फिरणाऱ्या बाईची चर्चा होईल. मिस्टरांना आधी सांगून ठेवा.

संध्याकाळच्या डुलकीवरून सासूबाई बोलतात ते मनावर घेऊ नका, पण ऐका. दिवेलागणीला झोपू नये असं त्या म्हणत असतील, त्यांचं कारण लक्ष्मीचं असेल, माझं विहिरीचं आहे. सल्ला एकच. शाळेतून आल्यावर सोफ्याकडं जाऊच नका. भाजी आणायला बाहेर पडा, गच्चीवर एक चक्कर मारा. अगदीच डोळे मिटायला लागले तर सुट्टीच्या दिवशी दुपारी दोनच्या आत वीस मिनिटं, गजर लावून. आणि तो आल्या आल्याचा चहा शेवटचा. चहातलं कॅफिन निम्मं उतरायला पाच-एक तास लागतात, म्हणजे रात्रीच्या जेवणानंतर घेतलेल्या कपातलं निम्मं मध्यरात्र उलटली तरी अंगात असतं.

सकाळी उठल्यावर सगळ्यात आधी बाहेर. सडा, तुळशीला पाणी, चहाचा कप हातात घेऊन पायरीवर बसणं, काहीही चालेल, पण उघड्यावर अर्धा तास. जानेवारीत आपल्याकडं सूर्य उगवायला सात वाजत येतात, तेव्हा सातनंतर जा. उन्हाळ्यात प्रश्नच नाही. झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं, आणि मे महिन्यात स्लॅबखाली ते उतरत नाही. त्यात लाईट गेली की संपलंच. बाज गच्चीवर न्या. तिथं पहाटेचा उजेडही फुकट मिळतो. फोन तेवढा खाली ठेवा.

फोनबद्दल आता सांगते, कारण पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ तीच आहे.

रात्री दोनचा तो फोन आला तेव्हा तुम्ही घरातल्या सगळ्यांच्या वतीनं जाग्या होता. त्या मे महिन्यात मराठवाड्यात घरोघरी कुणीतरी एक जण असा जागा होता. कुठं बेड मिळतो का, कुठं सिलिंडर मिळतो का, हे विचारणारे फोन रात्रभर चालू असायचे. तुमच्या कानानं ती ड्युटी अजून सोडलेली नाही. आवाज फुल्ल ठेवून फोन उशाशी घेणं म्हणजे रोज रात्री झोपण्याआधी शरीराला सांगणं की आज पुन्हा तसा फोन येऊ शकतो. मग ते सावध राहतं. तुम्ही फोन बंद करा असं मी म्हणणार नाही, तुमच्यानं होणारही नाही. फोन बाहेरच्या खोलीत ठेवा, वाजला तर ऐकू येईल अशा जागी. त्यात अशी सोय असते की ठरवलेल्या चार-पाच नंबरांचेच फोन वाजतील, बाकीचे गप्प राहतील. आई, भाऊ, नणंद, एवढे नंबर टाका. मुलाला सांगितलं तर दोन मिनिटांत करून देईल. गजरासाठी फोन लागतो हे कारण देऊ नका, बाजारात शंभर-दीडशे रुपयांत घड्याळ मिळतं.

आणि सासऱ्यांबद्दल. त्या वर्षी जे गेले त्यांचं शेवटचं दर्शनसुद्धा कित्येकांना मिळालं नाही, दहाव्याला माणसं जमली नाहीत, कुणी गळ्यात पडून रडलं नाही. घरात यावर बोलणं झालंय का? बहुतेक घरांत झालेलं नाही. सगळे कामाला लागले, दुकान उघडलं, शाळा भरली. रात्री अंथरुणावर तो प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येत असेल, फोनच्या रिंगनं अंगाला घाम फुटत असेल, तर नुसत्या वेळा बदलून भागणार नाही, मानसोपचारतज्ज्ञांशी बोला. अंबाजोगाईत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं जाता येईल. तिथं कुणी ओळखीचं भेटेल याचा संकोच वाटत असेल तर सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा आहे, नंबर १४४१६, मराठीत बोलता येतं. आणि रोजच्या साध्या काळज्यांसाठी एक वही करा. संध्याकाळी दिवा लावून झाला की दहा मिनिटं बसून लिहा: काय राहिलंय, उद्या त्याचं काय करणार. रात्री तोच विचार आला तर तो वहीत आहे, एवढंच स्वतःला सांगायचं.

गोळीचं. तुम्ही नाव लिहिलं नाही, पण अशी अर्धी अर्धी करून घेतली जाणारी गोळी बहुधा अल्प्राझोलमची असते. ही गोळी चिठ्ठीशिवाय देता येत नाही, आणि दुकानदाराला तिची वेगळी नोंद तीन वर्षं ठेवावी लागते. ओळखीवर मिळते म्हणून ती साधी ठरत नाही. तिनं झोप लागते, पण गाढ झोपेचा भाग कमी होतो, काही आठवड्यांत अर्धीनं भागेनासं होतं, आणि नाही घेतली त्या रात्री झोप आणखीनच उडते. मग माणसाला वाटतं, बघा, गोळीशिवाय मला झोप येतच नाही. तुम्ही महिन्यातून एक-दोनदाच घेत असाल तर थांबवा. आठवड्यातून बऱ्याचदा घेत असाल तर एकदम बंद करू नका, त्यानं फिटसुद्धा येऊ शकते. गोळ्यांचं पाकीट घेऊन डॉक्टरांकडं जा, ते हळूहळू कमी करून देतील. झोपेची आयुर्वेदिक म्हणून विकली जाणारी पुडी मध्येच सुरू करू नका. आधी एक गोष्ट नीट होऊ द्या.

त्याच भेटीत थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. तुमच्या वयात पाळी जायला आलेली असते, रात्री अंग एकदम तापतं, घाम येतो. तसं होत असेल तर सांगा, त्यावर वेगळे उपाय आहेत. पाय सारखे हलवावेसे वाटतात का, मोठ्यानं घोरता का, घोरता घोरता श्वास थांबतो का, हे मिस्टरांना विचारा. यातलं काही असेल तर अंथरुणाच्या वेळा बदलण्याआधी ते बघावं लागेल.

राहता राहिला मुलगा. त्याला तुमचं लागलेलं नाही. तुम्हाला झोप लागत नाही. त्याला तीनला पडल्या पडल्या लागते आणि अकरापर्यंत सलग लागते. आठ तास. त्याची झोप चांगली आहे, फक्त चुकीच्या वेळेवर आहे. वयात आल्यावर मुलांचं घड्याळ आपोआप उशिरा सरकतं, विशीच्या आसपास सगळ्यात उशिरा असतं, मग हळूहळू परत येतं. हा आळस नाही. त्यात त्याची बॅच बघा. २०२०ची दहावी, म्हणजे भूगोलाचा पेपर झालाच नाही ती मुलं. पुढची अकरावी-बारावी बरीचशी मोबाईलच्या पडद्यावर. ज्या वयात कॉलेजची सकाळची घंटा घड्याळ ओढून धरते, त्या वयात त्याला घंटाच मिळाली नाही.

त्याला तुमच्यासारखं कमी झोपवायचं नाही. त्याची उठायची वेळ दर दोन-तीन दिवसांनी अर्ध्या तासानं अलीकडं आणायची, उठल्या उठल्या उन्हात जायचं, आणि रात्री पडद्याचा उजेड त्याच हिशेबानं लवकर बंद करायचा. अकराचे साडेदहा, मग दहा. एकदम पहाटे पाचला उठवलंत तर दोन दिवस उठेल, तिसऱ्या दिवशी दुपारी झोपेल आणि रात्री पुन्हा तीन. पण हे तुम्ही ठरवून होणार नाही, त्यानं ठरवायला हवं. भरतीत मुलांना सोळाशे मीटर धावायचं असतं आणि मैदानी चाचणी बहुधा सकाळी लवकर सुरू होते. रात्री तीनला झोपणारं शरीर सकाळी सहाला धावायला उभं केलं तर ते सरावापेक्षा कमीच धावणार, हे त्याला कोचनं सांगितलं तर पटेल, तुम्ही सांगितलं तर भांडण होईल. गावात सकाळी ग्राउंडवर जाणारी पोरं असतीलच. त्यातला एखादा त्याचा मित्र असेल तर त्यालाच एकदा चहाला बोलवा. दार वाजवायचं काम तो करेल.